शेगडी पेटवणारा बाप आणि नाचणारा बाप

आईवरच्या कवितांबद्दल या सदरात दोन वेळा लिहून झाले. त्यानंतर एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. गोदीतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. मजकूर दोनच वाक्यांचा. आईवर कवींनी पोतेभर कविता लिहिल्या, बापाने त्यांचे काय घोडे मारले? आणि खाली जयभीम.

तक्रार खरी आहे. आपल्या कार्यक्रमांत, स्मरणिकांत, शाळेच्या स्नेहसंमेलनात आईची कविता हमखास असते. बापाची कविता क्वचित असते, आणि असली तर तिच्यातला बाप दोनच जागी सापडतो. एक तर हार घातलेल्या फोटोत, नाहीतर दारूच्या गुत्त्यावर. फोटोतला बाप देव असतो आणि गुत्त्यावरचा बाप राक्षस. या दोन्हींच्या मधला बाप कुठे गेला? रात्रपाळी करून आलेला, पगाराच्या दिवशी कागदात भजी आणणारा, कारण नसताना खेकसणारा, जून महिन्यात रात्री बसून पोरांच्या वह्यांना खाकी कव्हर घालून देणारा? आपण बहुतेकजण याच बापाच्या हाताखाली वाढलो. कवितेत मात्र तो फारसा येत नाही.

म्हणून आज दोन कवितांबद्दल लिहितो. दोन्ही इंग्रजीतल्या, दोन्ही अमेरिकेतल्या, आणि योगायोग असा की दोन्ही कवी मिशिगन या एकाच राज्यातले. एकाचे गाव डेट्रॉइट, दुसऱ्याचे सॅगिनॉ. मधले अंतर सुमारे दीडशे-एकशे साठ किलोमीटर, म्हणजे आपले मुंबई ते पुणे धरा. एक कवी काळा, दुसरा गोरा. दोघांनीही मोठे झाल्यावर लहानपणच्या बापाकडे वळून पाहिले. पण पाहण्याची तऱ्हा निराळी.

एवढ्या लांब कशाला जायचे, असे कोणी म्हणेल. पहिल्या कवीपुरते तरी उत्तर सोपे आहे. काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले तेही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्या घरांशी आपले जुने जाणे-येणे आहे.

रॉबर्ट हेडनचा जन्म १९१३ सालचा. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. कामधंद्यासाठी आलेली काळी कुटुंबे ज्या भागात दाटीवाटीने राहत, त्याचे नाव पॅराडाइज व्हॅली, म्हणजे नंदनवनाचे खोरे. नाव मोठे आणि लक्षण खोटे. पुढे महामार्ग काढण्यासाठी ती वस्ती पाडलीही गेली. या मुलाच्या जन्मदात्या आईबापांचे पटले नाही, ते वेगळे झाले. शेजारच्या विल्यम आणि स्यू एलन हेडन या जोडप्याने त्याला घरात घेतले, वाढवले, आपले आडनाव दिले. विल्यम हेडन मजुरी करीत. मुलाची दृष्टी फार अधू, जाड भिंगांचा चष्मा, त्यामुळे खेळात त्याला कोणी घेत नसे. तो पुस्तकात डोके घालून बसे. घरात भांडणे होत, मारही बसे. आपल्याला कागदोपत्री दत्तक घेतलेलेच नव्हते, हे कवीला कळले ते चाळिशीच्या सुमारास. पुढे हा माणूस प्राध्यापक झाला, आणि १९७६ साली अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने त्याला आपला काव्य सल्लागार नेमले. त्या जागेवर बसलेला तो पहिला काळा कवी. १९८० साली तो वारला.

त्याची कविता आहे 'दोज विंटर संडेज', म्हणजे हिवाळ्यातले ते रविवार. १९६२ च्या 'अ बॅलड ऑफ रिमेंबरन्स' या संग्रहात ती आहे. अवघ्या चौदा ओळींची. विषय म्हणाल तर काहीच नाही. बाप पहाटे उठतो, घर गरम करतो, मुलाचे बूट पुसतो. संपले.

पण पहिल्याच ओळीत कवीने रविवारला एक 'सुद्धा' जोडला आहे. सारी कविता मला त्या शब्दावर उभी दिसते. रविवारीसुद्धा उठायचा, म्हणजे बाकीचे सहा दिवस तर उठतच होता. गिरणीत, गोदीत, रेल्वेत काम केलेल्या घरांना हा शब्द समजावून सांगायला नको. सुट्टीच्या दिवशी बापाने पांघरूण डोक्यावरून घ्यावे आणि कोणी आवाज करू नये, एवढीच मजुराची चैन. हा बाप तीसुद्धा घेत नाही.

डेट्रॉइटचा हिवाळा पाणी गोठवणारा. घरात विस्तव नसेल तर अंथरुणाबाहेर पाय काढवत नाही. आपल्या गावाकडे आजी चुलीतला निखारा रात्री राखेत पुरून ठेवायची आणि पहाटे फुंकर घालून जागा करायची, तसाच राखलेला विस्तव हा बाप अंधारात पेटवतो. त्याचे हात आठवडाभराच्या उघड्यावरच्या कामाने फुटलेले आहेत, ठणकत आहेत. खोल्या उबदार झाल्या की मग तो मुलाला हाक मारतो. आधी नाही. हा क्रम ध्यानात घ्या. थंडी त्याच्या वाट्याची, ऊब मुलाच्या वाट्याची.

त्याचे कोणी आभार मानले नाहीत, असे कवी म्हणतो. आता आभार मानायची पद्धत आपल्या घरांतही नाही. बापाला 'थँक्यू' म्हणून पाहा, ताप आलाय का म्हणून तो कपाळाला हात लावील. पण कवीला शिष्टाचाराबद्दल बोलायचे नाही. मुलगा बापाशी नीट वर बघून बोलतसुद्धा नव्हता, हे त्याला सांगायचे आहे. तोंडदेखले दोन शब्द, तेही घाईत.

मुलगा असा का वागे, याचे कारणही कवितेत आहे, आणि ही कविता खोटी होत नाही ती तिथे. मुलगा सावकाश उठतो, कारण त्या घरातल्या रागाची त्याला भीती आहे. शब्द नीट पाहिले तर कवी तो राग बापाचा म्हणत नाही, घराचा म्हणतो. पैसा अपुरा, जागा अपुरी, शरीर थकलेले, अशा घरात राग कुणा एकाचा राहत नाही. तो भिंतीत मुरतो. मोठा झाल्यावर कवीने हा राग पुसून टाकलेला नाही. बाप गेला म्हणून त्याला संत केलेले नाही. धाक होता आणि ऊबही होती, आणि दोन्ही एकाच माणसाच्या घरातले होते, एवढेच तो सांगतो. आपल्याकडचा एखादा कवी या जागी एक तर धाक गाळतो, नाहीतर ऊब गाळतो. आणि मग कविता वाचताना वाचकाला आपले घर ओळखू येत नाही.

पुढे बुटांची गोष्ट येते. बापाने थंडी घालवली, आणि वर रविवारचे चांगले बूटही चकचकीत करून ठेवले. मला या बुटांपाशी नेहमी थांबावे लागते. विस्तव सगळ्या घरासाठी होता; बूट फक्त मुलाचे होते. तोंडाने गोड बोलता न येणारा माणूस हाताने काय बोलतो, ते तिथे दिसते.

कविता संपते एका प्रश्नाने. मला तेव्हा काय कळत होते, असे कवी स्वतःलाच विचारतो, आणि एकदा विचारून भागत नाही म्हणून दोनदा विचारतो. कवितेचा शेवटचा शब्द आपल्या रोजच्या ओळखीचा आहे: ऑफिस, तोही अनेकवचनी. इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ नेमून दिलेले कर्तव्य असा आहे. ख्रिस्ती मठांतून ठरल्या वेळी जी प्रार्थना होते, तिलाही हाच शब्द आहे. अंगमेहनतीवर जगलेल्या माणसाच्या पहाटेच्या कामाला त्याच्या शिकलेल्या मुलाने हा शब्द दिला.

इथे आपल्याला परळच्या चाळीतली एक खोली आठवल्याशिवाय राहत नाही. सुभेदार रामजी रात्री दोनला भीमरावांना अभ्यासाला उठवीत, पुस्तकासाठी लेकीचा दागिना गहाण टाकीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून देत, हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. रामजी कडक होते, हेही लिहिले आहे. ज्या १९१३ साली तिकडे हेडन जन्मला, त्याच वर्षी फेब्रुवारीत रामजी गेले आणि जुलैत बाबासाहेब शिकायला अमेरिकेत पोहोचले. ज्या शिक्षणासाठी बाप रात्री जागला, त्याचे फळ पाहायला बाप नव्हता. आपल्या कितीतरी घरांत असेच झाले आहे. पोराला समजायला लागते तोवर बाप भिंतीवर गेलेला असतो.

आता दुसरी कविता.

थिओडोर रेत्के १९०८ साली सॅगिनॉत जन्मला. बाप ऑटो रेत्के जर्मनीहून आलेला. भावाबरोबर त्याचा फुलांचा धंदा होता, रोपांसाठी मोठमोठी काचघरे होती. म्हणजे हेडनच्या घरासारखी ओढाताण नव्हती, पण बापाचे हात मातीचेच. १९२३ साली तो कर्करोगाने वारला, तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा. १९४२ मध्ये, म्हणजे बाप गेल्यावर एकोणीस वर्षांनी, 'माय पपाज वॉल्ट्झ' ही कविता छापून आली.

वॉल्ट्झ हा जोडीने करायचा युरोपातला नाच. त्याचा ठेका तीन मात्रांचा. ढोलकीवर दादरा वाजत असावा तशी ही सोळा ओळींची कविता झुलत चालते, आणि त्या झुलण्यात काय चालले आहे ते पटकन ध्यानात येत नाही. रात्रीची वेळ आहे. बाप व्हिस्की पिऊन आला आहे. तोंडाच्या वासानेच लहान मुलाला गरगरावे इतकी. तो मुलाला धरून स्वयंपाकघरात नाचतो. फळीवरची भांडी घसरतात. आईच्या कपाळावरची आठी जात नाही. बापाच्या हाताचे एक बोट ठेचलेले आहे. त्याचा पाय चुकला की मुलाचा कान पट्ट्याच्या बकलावर घासतो. बाप मातीने माखलेल्या तळव्याने मुलाच्या डोक्यावर ताल धरतो, आणि मग तसाच नाचवत त्याला झोपायला नेतो. मुलगा बापाच्या सदऱ्याला घट्ट धरून आहे.

हा खेळ की मार? अमेरिकेतल्या वर्गांतून विद्यार्थी या प्रश्नावर वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. मी ही कविता महिलांच्या एका वाचन वर्गात मराठीत सांगितली. नंतर एकदा पुरुष मंडळींतही सांगितली. पुरुषांना ती गोड वाटली. एक दिवस दोन घोट घेऊन पोराला खेळवले तर काय बिघडले, असा एकूण सूर. बायकांच्या वर्गात शांतता पसरली. मग एक बाई म्हणाल्या, "त्या आईच्या कपाळाला आठी का पडली ते मला विचारा." त्यांनी पुढे काही सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. भांडी कोण उचलणार, सकाळी पैसे किती उरले असणार, आज नाच आहे तर उद्या काय असेल, हे सगळे त्या एका आठीत त्यांना दिसले होते. मला वाटते, शंभर समीक्षकांपेक्षा त्या बाईंनी कविता अधिक वाचली.

तरीही मुलगा सदरा सोडत नाही, हे विसरून चालणार नाही. भीतीने धरले आहे की प्रेमाने? दोन्ही. लहान पोराला ज्याची भीती वाटते, त्यालाच बिलगावे लागते. दुसरे आहे कोण? रेत्केने ते जसेच्या तसे ठेवले. बाप चांगला होता की वाईट, याचा निकाल त्याने दिला नाही. पस्तिशीला आलेला कवी त्या कवितेत कुठेच बोलत नाही. बोलते ते फक्त लहान मुलाचे अंग. वास, पट्टा, तळवा, ठेका.

दोन्ही कवितांतला फरक मला इथे वाटतो. रेत्केच्या कवितेत आठवण आहे, पण 'आता' नाही. हेडनच्या कवितेत मोठा झालेला माणूस हजर आहे. तो बापाचा हिशेब मांडायला बसतो आणि मांडता मांडता त्याला स्वतःचे नाव दुसऱ्या बाजूला लिहावे लागते. बापाने मला काय दिले, काय दिले नाही, हा हिशेब आपण सगळेच करतो. मी त्याच्याशी कसा बोललो, हा रकाना कोरा असतो. हेडनने तो भरला. म्हणून दोन्ही कविता चांगल्या असल्या तरी माझे मत हेडनला.

पण एक गोष्ट स्पष्ट करतो. बापाला समजून घ्या, असे म्हटले की काही घरांत त्याचा अर्थ 'झाले गेले विसरा' असा घेतला जातो. विशेषतः लेकींना तसे सांगितले जाते. ज्या लेकीने आईला मार खाताना पाहिले, ती म्हणेल मला समजते पण मी माफ करीत नाही, आणि तिचे म्हणणे बरोबर असेल. समजणे आणि माफ करणे यांच्या चुली वेगळ्या आहेत. सिल्व्हिया प्लाथ या कवयित्रीने १९६२ साली बापावर एक जळजळीत कविता लिहिली. ती आठ वर्षांची असताना बाप वारला होता, तरी तिशीला टेकल्यावरही तिचा संताप निवला नव्हता. त्या कवितेवर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन. दया पवारांच्या 'बलुतं'मध्येही, १९७८ साली, दारू पिणारा बाप आला आणि तो झाकून ठेवला नाही म्हणून काहींना राग आला. झाकला असता तर ते पुस्तक आज कोणी वाचले नसते.

हेडनची हकीकत वाचताना मराठी माणसाला नारायण सुर्वे आठवायलाच हवेत. १९२६ साली मुंबईत टाकून दिलेले पोर गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी उचलून घरी आणले, काशीबाईंनी वाढवले, आणि त्याला सुर्वे हे नाव मिळाले. तिकडे मजूर हेडन, इकडे कामगार सुर्वे. रक्ताचे नाते नसताना बाप झालेली ही दोन माणसे. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा सुर्व्यांचा पहिला संग्रह १९६२ चाच, ज्या वर्षी हेडनचा तो संग्रह आला. त्यांची 'मास्तर, तुमचंच नाव लिवा' ही कविता आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. पोराचे नाव शाळेत घालायला आलेली आई मास्तरांना सांगते की बापाच्या जागी तुम्ही तुमचेच नाव लिहा. एरवी बाप म्हणजे दाखल्यावरचा एक रकाना. तो रकाना भरायला कोणी पुढे येते, कोणी पळून जाते. हेडनला आणि सुर्व्यांना हे इतरांपेक्षा अधिक कळले असणार. बाप आपोआप मिळत नाही, कोणीतरी व्हावे लागते, हे त्यांनी अंगावर पाहिले होते.

आणखी एका कवितेचा उल्लेख करतो, कारण ती म्हाताऱ्या बापाची आहे. उत्तर आयर्लंडचा शेमस हीनी शेतकऱ्याचा मुलगा. १९९५ साली त्याला नोबेल मिळाले. १९६६ च्या त्याच्या पहिल्या मोठ्या संग्रहात 'फॉलोअर' नावाची कविता आहे, म्हणजे मागून येणारा. बाप घोड्यांचा नांगर चालवण्यात तरबेज. लहान मुलगा त्याच्या मागून तासातून धडपडत, बडबडत, मध्ये मध्ये करीत चालतो. मोठा झाल्यावर चित्र उलटे होते. आता बाप अडखळत मुलाच्या मागून येतो आहे, आणि जाता जात नाही. शेवट काहींना कठोर वाटतो. मला वाटत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत निवृत्त बाप दिवसभर समोर बसलेला असला, की प्रेम असूनही माणूस वैतागतो. हीनीने तो वैताग लपवला नाही.

या वैतागावर एक उपाय एका मुलाने केला होता. वडाळ्याला वाढलेल्या नरेंद्र जाधवांनी आपल्या निवृत्त वडिलांच्या मागे लागून त्यांना स्वतःची हकीकत लिहायला बसवले. दामोदर जाधवांचे शिक्षण जेमतेम, पण त्यांनी लिहिले. त्यातून १९९३ मध्ये 'आमचा बाप आन् आम्ही' हे पुस्तक आले. बापावर मुलाने लिहावे ही रीत आहे. इथे बापाचे म्हणणे बापाच्याच तोंडून आले. हेडनच्या, रेत्केच्या बापाला ती संधी मिळाली नाही. विल्यम हेडनला त्या रविवारच्या पहाटे काय वाटत होते, ते जगातल्या कुठल्याच पुस्तकात नाही.

पोस्टकार्ड पाठवणाऱ्या गृहस्थांना माझी विनंती आहे की त्यांनी आता दोन वाक्यांवर थांबू नये. इतर वाचकांनीही आपल्या बापाविषयी लिहून पाठवावे. कविता नसली तरी चालेल, पानभर मजकूर पुरे. बाप थोर होता असे लिहू नका. त्याच्या एका वस्तूविषयी लिहा. डबा, सायकल, चपला, पाळीचा बिल्ला, हातावरचा एखादा डाग. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी आधी वडिलांना विचारून घ्यावे, तो डाग कशाचा. अक्षर सुवाच्य असावे आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहावे.